गिऱ्हाइकाची स्मृति

नाशिकास किंवा त्र्यंबकेश्वरास गेलेल्या मराठी कुटुंबास तीर्थोपाध्याय पहिल्याच भेटींत दोन गोष्टी विचारतात: आडनांव कोणतें आणि मूळ गांव कोणतें. तेवढें कळलें म्हणजे ते आंत जाऊन एक लांबट, जीर्ण वही घेऊन येतात आणि पाहतां पाहतां आपल्या पणजोबांचें नांव मोडी अक्षरांत आपल्यापुढें ठेवितात. पणजोबा कोणत्या सालीं आले, बरोबर कोण होतें, भावांचीं व मुलांचीं नांवें काय, हें सारें तेथें असतें. या वह्यांच्या आधारें वंशावळी जुळविल्याचीं उदाहरणें इतिहास-संशोधकांस परिचित आहेत. आमच्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें मात्र त्यांतील एकच गोष्ट महत्त्वाची. नोंद यजमानाच्या समक्ष होते, पुष्कळदां त्याच्याच हस्ताक्षरांत होते आणि खालीं त्याची सही असते. आपल्याविषयीं काय लिहून ठेविलें आहे हें यजमानास ठाऊक असतें.

व्यापाऱ्यानें गिऱ्हाइकाची स्मृति ठेवावी ही कल्पना नवी नाहीं. नवें आहे तें इतकेंच कीं, आज ती स्मृति मनुष्याशीं मनुष्याच्या भाषेंत बोलणाऱ्या यंत्राच्या स्वाधीन होत आहे. एकीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेचा सहायक आणि दुसरीकडे गिऱ्हाइकांच्या माहितीचें भांडार, या दोन वस्तु एकमेकींस जोडून देण्याचा उद्योग अलीकडे बँका, विमाकंपन्या आणि दुकानें यांनीं मोठ्या हौसेनें आरंभिला आहे. उद्देश सरळ आहे. गिऱ्हाइकास आपली कहाणी दर खेपेस पहिल्यापासून सांगावी लागूं नये. या उद्देशास कोण नांवें ठेवील? तथापि जे दोन धागे येथें जोडले जात आहेत त्यांचे इतिहास अगदीं निरनिराळे आहेत. एक न विसरण्याचा आहे, दुसरा विसरण्याचा.

न विसरण्याचा इतिहास आम्ही न्यूयॉर्कपासून सुरू करतों. लुइस टॅपन हा तेथील रेशमाचा व्यापारी. गुलामगिरीच्या उच्छेदासाठीं झटणारा, कडक धार्मिक वृत्तीचा गृहस्थ. १८३७ सालीं अमेरिकेंत जें आर्थिक अरिष्ट कोसळलें त्यांत टॅपन बंधूंच्या पेढीस देणीं तहकूब करावीं लागलीं. दूरदूरच्या दुकानदारांस उधारीवर माल दिलेला होता आणि त्यांपैकीं भरंवशाचा कोण व बुडवा कोण हें न्यूयॉर्कांत बसून कळण्यास मार्ग नव्हता. या अनुभवांतून टॅपननें १८४१ सालीं ‘मर्कंटाइल एजन्सी’ ही संस्था काढली. गांवोगांवचे वकील व प्रतिष्ठित गृहस्थ तिचे वार्ताहर झाले. पुढें राष्ट्राध्यक्ष झालेला अब्राहम लिंकन हाहि त्यांपैकीं एक होता. वार्ताहरांचीं पत्रें येत, कारकून त्यांतील सार जाडजूड वह्यांत उतरून घेत आणि वर्गणीदार व्यापारी कचेरींत आला म्हणजे त्यास ती नोंद वाचून दाखवीत. अशा अडीच हजारांहून अधिक वह्या आज हार्वर्ड विद्यापीठाच्या बेकर ग्रंथालयांत जतन केलेल्या आहेत.

या वह्यांत केवळ आंकडे नाहींत, माणसें आहेत. कोण दारू पितो, कोणाचा सासरा पैसेवाला आहे, कोण कष्टाळू पण मंदबुद्धि आहे, अशा मजकुरावर एखाद्या दुकानदाराची पत ठरे. आणि ज्याच्याविषयीं हें लिहिलें जाई त्यास त्याची दाद नसे. ओहायो संस्थानांतील नॉर्वॉक येथील बिअर्ड्‌स्ली नांवाच्या व्यापाऱ्यास कशी कोण जाणे, पण ती लागली. आपल्या घरांतील कलहाचा मजकूर त्या नोंदींत आहे आणि त्यामुळें न्यूयॉर्कचे व्यापारी आपणांस उधार देईनातसे झाले, म्हणून त्यानें टॅपनवर फिर्याद केली. ही माहिती कोणी पुरविली असें न्यायालयानें विचारलें तेव्हां टॅपनचा भागीदार बेंजामिन डग्लस यानें वार्ताहराचें नांव सांगण्याचें साफ नाकारलें, आणि त्यापायीं कांहीं दिवस तुरुंगवास पत्करला. त्याची ही निष्ठा वाखाणण्यासारखी खरी. पण ती कोणाशीं होती हें पाहण्यासारखें आहे. सांगणाऱ्याशीं होती, ज्याच्याविषयीं सांगितलें त्याच्याशीं नव्हती. टॅपन दुष्ट मनुष्य नव्हता. गुलामांच्या मुक्ततेसाठीं त्यानें आपलें घर लुटूं दिलें. तरी पण गिऱ्हाइकास स्वतःची नोंद दाखवावी हा विचार त्याला शिवला नाहीं.

तो विचार कायद्यांत येण्यास सव्वाशेंहून अधिक वर्षें लागलीं. १८९९ सालीं अटलांटा शहरीं वुलफर्ड बंधूंनीं ‘रिटेल क्रेडिट कंपनी’ काढली आणि व्यापाऱ्यांप्रमाणेंच सामान्य माणसांचीहि टिपणें जमूं लागलीं. लोकांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हां १९७० सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें कायदा करून नागरिकास आपल्या नोंदींतील मजकूर जाणण्याचा व चूक असल्यास ती दुरुस्त करून घेण्याचा अधिकार दिला. याच कंपनीनें १९७५ सालीं ‘इक्विफॅक्स’ हें नांव धारण केलें, आणि २०१७ सालीं तिच्या भांडारांतून सुमारें चौदा कोटी सत्तर लक्ष लोकांची माहिती चोरीस गेली.

आतां विसरण्याचा इतिहास. संगणकाची स्मरणशक्ति अचाट, असा आपला सर्वांचा समज आहे. परंतु बोलणारीं यंत्रें आरंभापासून विसराळू निघालीं. १९६६ सालीं मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेंतील जोसेफ वायझनबॉम यांनीं ‘एलायझा’ नांवाचा कार्यक्रम प्रसिद्ध केला. मानसोपचारकाचें सोंग घेऊन तो समोरच्या माणसाचेंच वाक्य प्रश्नरूपानें परत करी. त्यांत एक गमतीची युक्ति होती. बोलणाऱ्यानें ‘माझा’, ‘माझी’ असें म्हणून एखादें वाक्य उच्चारलें कीं यंत्र तें बाजूस ठेवी. आणि पुढें बोलण्यास कांहीं न सुचलें म्हणजे तें वाक्य काढून ‘याचा मघांच्या त्या गोष्टीशीं कांहीं संबंध आहे काय?’ अशा अर्थाचा प्रश्न विचारी. स्मृति एवढीच. पण यंत्र कांहींतरी लक्षांत ठेवीत आहे, आपलें ऐकत आहे, असा भास व्हावयास तेवढी पुरली. वायझनबॉम यांच्या सेक्रेटरीनें त्या यंत्राशीं बोलतांना प्रत्यक्ष त्यांनाच खोलीबाहेर जाण्यास सांगितलें. वायझनबॉम धास्तावले, आणि १९७६ सालीं त्यांनीं या मोहाविरुद्ध एक सबंध ग्रंथ लिहिला.

इंटरनेटवरील दुकानांचीहि तीच गत होती. पान मागणारा मनुष्य क्षणापूर्वीं येऊन गेला होता किंवा नाहीं, हें पान देणाऱ्या सर्व्हरास मुळींच समजत नसे. १९९४ सालीं नेटस्केप कंपनींतील लू माँटुली या तरुणानें तोड काढली. गिऱ्हाइकाची खूण त्याच्याच संगणकांत एका लहानशा चिठ्ठींत ठेवावी आणि पुढच्या खेपेस त्याच्या ब्राउझरनें ती दाखवावी. हीच ‘कुकी’. दुकानांतील टोपली भरलेली राहावी एवढ्यापुरती ती जन्मास आली. जाहिरातवाल्यांनीं तिचें पुढें काय केलें हें सर्वविदित आहे. त्या सुमारास सीबेल (१९९३) आणि सेल्सफोर्स (१९९९) अशा कंपन्या निघून गिऱ्हाइकांच्या नोंदी एकत्र करण्याचा स्वतंत्र धंदाच झाला.

२०२२ च्या ३० नोव्हेंबरला ‘चॅटजीपीटी’ अवतरला आणि हे दोन्ही इतिहास समोरासमोर आले. या यंत्राची विद्या अफाट, पण ओळख क्षणभंगुर. दर प्रश्नाबरोबर मागील सर्व संभाषण त्यास पुन्हा पहिल्यापासून वाचावयास द्यावें लागतें. आणि एका वेळीं त्याच्या डोळ्यांपुढें किती मजकूर मावेल यास मर्यादा आहे. आरंभीं ती सुमारें चार हजार टोकनांची, म्हणजे शब्दांच्या तुकड्यांची होती. (देवनागरींतील मजकूर इंग्रजीपेक्षां अधिक तुकडे खातो, तेव्हां मराठींत बोलणाऱ्यास ही मर्यादा अधिकच आखूड पडे.) २०२४ च्या फेब्रुवारींत त्याच्या कर्त्यांनीं त्यास ‘स्मृति’ देण्यास आरंभ केला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत अँथ्रॉपिक कंपनीनें असे सहायक निरनिराळ्या माहितीभांडारांशीं जोडण्याची एक सामाईक रीत प्रसिद्ध केली.

जोडणीचें काम असें चालतें. गिऱ्हाईक बोलूं लागलें कीं प्रथम तें कोण हें ओळखावयाचें. मग भांडारांतून त्याची नोंद काढून तिचा सारांश, त्याच्या नकळत, प्रश्नाच्या आधीं यंत्रापुढें ठेवावयाचा. आणि संभाषण संपल्यावर त्यांतून जें नवें कळलें तें पुन्हा नोंदींत घालावयाचें. यांतील मधली पायरी सोपी. पहिली आणि शेवटची कठीण.

ओळखण्याचीच गोष्ट घ्या. आपल्याकडे एक मोबाइल क्रमांक चारचार माणसें वापरतात आणि एकच आडनांव रोमन लिपींत तीन तऱ्हांनीं लिहिलें जातें. आमचे वडील बंधु मधुमेहानें आजारी होते. त्यांच्या गोळ्या आम्ही दोन वर्षें एका औषधविक्रेत्या कंपनीकडून आमच्या क्रमांकावरून मागवीत होतों. ते निवर्तल्यावर चौथ्या महिन्यांत कांहीं किरकोळ औषध मागविण्यासाठीं आम्ही त्या कंपनीच्या यंत्र-सहायकाशीं बोललों. त्यानें आर्जवी मराठींत विचारलें, ‘आपल्या मधुमेहाच्या गोळ्या संपल्या असतील, पुन्हा पाठवूं का?’ प्रश्नांत वाईट असें कांहीं नव्हतें. उलट काळजीच होती. परंतु त्या वाक्यानें बंधूंचा मृत्यु पुसला होता आणि त्यांचा आजार आमच्या नांवें चढविला होता. उद्यां एखाद्या विमाकंपनीनें ही नोंद प्रमाण मानली तर आम्ही मधुमेही ठरणार. टॅपनच्या वार्ताहरानें निदान आपलें मत लिहून धाडलें होतें. येथें कोणाचेंच मत नव्हतें, आणि म्हणून कोणास जाबहि विचारतां येईना.

शेवटच्या पायरीवरील अडचण याहून सूक्ष्म आहे. दुकानाच्या जुन्या नोंदींत घडलेल्या गोष्टी असत: अमक्या दिवशीं अमका माल घेतला. बोलणारें यंत्र जें टिपून ठेवितें तें पुष्कळदां अनुमान असतें. गिऱ्हाईक चिडखोर आहे, पैशांच्या ओढाताणींत आहे, घरीं कोणी आजारी आहे, असें तें बोलण्याच्या ओघांतून ताडतें; आणि एकदां सारांशांत गेलेलें अनुमान पुढील खेपेस वस्तुस्थिति म्हणून यंत्रापुढें येतें. मनुष्य-कारकून बदलला म्हणजे जुने ग्रह कांहीं अंशीं तरी पुसले जात. येथें ते अधिक पक्के होत जातात.

आपल्या देशांत २०१७ च्या २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याखालील नियम २०२५ च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध झाले. आपल्या माहितीचा सारांश मागणें, ती दुरुस्त करविणें व पुसविणें हे अधिकार त्या कायद्यांत आहेत. मात्र यंत्रानें आपल्याविषयीं केलेलें अनुमान हें ‘आपली माहिती’ कीं ‘कंपनीचें मत’, यावर वाद माजणार असें आम्हांस वाटतें. आणि तो वाद गिऱ्हाइकाच्या बाजूनें सुटावा अशी आमची स्पष्ट इच्छा आहे. बिअर्ड्‌स्लीला जी नोंद दाखविली गेली नाहीं तीहि ‘मत’च होती.

आम्हीं त्या औषधविक्रेत्या कंपनीस पत्र लिहून आमची नोंद मागितली. तीन आठवड्यांनीं ती आली. गोळ्यांच्या मागण्या, तारखा, पत्ते, सर्व बिनचूक होतें. बंधूंचें नांव मात्र कोठेंच नव्हतें, कारण तें आम्हांस कधीं कोणी विचारलेंच नव्हतें. मधुमेहाचा उल्लेख काढून टाकावा असें आम्हीं कळविलें आणि तो काढल्याचें उत्तर आलें. त्याच महिन्यांत बंधूंच्या क्रियाकर्मानिमित्त त्र्यंबकेश्वरीं जाणें झालें. उपाध्यायांनीं वही उघडली. १९७९ सालीं वडिलांबरोबर आले असतां बंधूंनीं केलेली सही तेथें होती. तिच्याखालीं त्यांच्या निधनाची तिथि आम्हीं आमच्या हातानें लिहिली, उपाध्यायांनीं ती मोठ्यानें वाचून दाखविली, आणि एका शब्दांतील ऱ्हस्व-दीर्घाची चूक आमच्याकडून दुरुस्त करून घेतली.