पाणी कुणी बाटवलं? महाडचं तळं आणि ओडिशाची चिलिका

पाणी शुद्ध की अशुद्ध, हे ठरवण्याचा अधिकार या देशात शतकानुशतकं मूठभरांकडे होता. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती, तेव्हा तळं बाटलं नाही. अस्पृश्य माणूस प्याला आणि बाटलं! मग दूध, दही, शेण, गोमूत्र यांनी भरलेल्या 108 घागरी मंत्र म्हणत तळ्यात घालून ते ‘शुद्ध’ करण्यात आलं. शेणाने पाणी स्वच्छ होतं की घाण, हे कुठलीही प्रयोगशाळा सांगेल. पण तिथे तपासणी पाण्याची नव्हतीच, जातीची होती.

आज पाण्याची तपासणी यंत्राने होते. क्षारता किती, विरघळलेला ऑक्सिजन किती, नायट्रेट-फॉस्फेट किती, मैलापाण्यातले जंतू किती. आम्हा आंबेडकरवाद्यांना ही मोजणी हवीच आहे, कारण आकड्याला जात नसते. प्रश्न पुढचा आहे. आकडा आल्यावर ऐकलं कुणाचं जातं? याचं उत्तर ओडिशातल्या चिलिका सरोवराच्या इतिहासात आहे.

चिलिका म्हणजे समुद्राला अरुंद मुखाने जोडलेलं खाजण. पावसाळ्यात त्याचा पसारा 1100 चौरस किलोमीटरच्या वर जातो. समुद्राचं खारं पाणी आणि महानदीच्या दया, भार्गवी या फाट्यांचं गोडं पाणी इथे मिसळतं. या महानदीशी आपलं नातं जुनं आहे. 8 नोव्हेंबर 1945 रोजी कटकला ओडिशाच्या नद्यांच्या विकासासाठी परिषद झाली. तिचे अध्यक्ष होते मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर. जास्त पाणी हे संकट नाही, ते साठवा आणि लोकांसाठी वापरा, ही त्यांची भूमिका होती. पाणी ही सार्वजनिक संपत्ती आहे, हा महाडचा विचारच त्यांनी तिथे धोरण म्हणून मांडला.

चिलिकेवर पिढ्यान् पिढ्या जगले केउट, कंडरा, तिअर अशा जातींचे मच्छीमार. यांतल्या बऱ्याच जाती अनुसूचित जातींच्या यादीत आहेत. त्यांच्या सहकारी संस्थांना मासेमारीची क्षेत्रं भाडेपट्ट्याने मिळत. 1980 च्या दशकात कोळंबीला परदेशी बाजार मिळाला आणि चित्र पालटलं. पैसेवाले, वरच्या जातींचे लोक सरोवरात उतरले. बांध आणि जाळ्यांनी पाणी कोंडून ‘घेरी’ उभ्या राहिल्या. 1991 च्या सरकारी धोरणाने बिगरमच्छीमारांनाही वाटा दिला. ज्या धंद्यामुळे या जातींना हीन लेखलं, तोच धंदा नफ्याचा होताच पवित्र झाला!

पाण्याचं काय झालं? घेरीने प्रवाह अडतो. कोळंबीचं उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजते, त्यात ऑक्सिजन खर्च होतो. भुवनेश्वरचं सांडपाणी गंगुआ नाल्यातून दयेत आणि दयेतून चिलिकेत येतं. त्यातच गाळाने समुद्राचं मुख कोंडलं, क्षारता घसरली, पाणवनस्पती माजल्या. 1993 मध्ये रामसर कराराच्या धोक्यातल्या पाणथळांच्या यादीत चिलिकेचं नाव गेलं. 1990 च्या दशकाच्या मध्यात वर्षाची मासळी 1300 टनांच्याही खाली आली.

मच्छीमार गप्प बसले नाहीत. टाटांच्या कोळंबी प्रकल्पाविरुद्ध ‘चिलिका बचाओ’ आंदोलन उभं राहिलं आणि प्रकल्प मागे घ्यावा लागला. 11 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एस. जगन्नाथ खटल्यात चिलिका आणि पुलिकत सरोवरांपासून 1000 मीटरच्या आत कोळंबी-शेतीला मनाई केली. या खटल्यात नागपूरच्या नीरी संस्थेने किनाऱ्यावरच्या कोळंबी-शेतीची पाहणी करून अहवाल दिला होता. कमाईपेक्षा नुकसान मोठं आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे विज्ञान मच्छीमारांच्या बाजूने होतं, कायदाही होता. तरी घेरी हटल्या नाहीत. लोकांनी स्वतः त्या तोडायला घेतल्या, तेव्हा 29 मे 1999 च्या रात्री सोराना गावात पोलिसांनी गोळीबार केला. चार जण मेले. न्यायालयाचा आदेश मोडणारे सुरक्षित आणि तो अमलात आणू पाहणारे गोळीचे धनी!

23 सप्टेंबर 2000 रोजी समुद्राकडे नवं मुख उघडलं. क्षारता सावरली, मासळी वर्षभरातच कित्येक पटींनी वाढली, 2002 मध्ये चिलिका धोक्याच्या यादीतून बाहेर आली. हे यश खरं आहे, ते नाकारण्याचं कारण नाही. पण त्यानंतरही घेरी हटवण्याच्या मोहिमा काढाव्या लागल्याच. पाणी सुधारलं म्हणून त्यावरची मालकी आपोआप न्याय्य होत नाही.

महाडचा धडा हाच आहे. तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव नगरपालिकेने 1924 मध्येच केला होता, पण कागदावरचा हक्क वापरायला लोकांना चालत जावं लागलं. आपल्या किनाऱ्यावर, खाडीत, गावच्या विहिरीत पाणी तपासलं जातं तेव्हा तरुणांनी तीन प्रश्न विचारावेत. आकडे लोकांच्या भाषेत जाहीर झाले का? प्रदूषण करणाऱ्याचं नाव लिहिलं का? आणि त्या पाण्यावर जगणारे लोक निर्णयाच्या खुर्चीत आहेत का? ‘नाही’ असं उत्तर आलं, तर समजा, 108 घागरींचा विधी अजून संपलेला नाही.

जय भीम!