जीपच्या चासीवरचे थर

रंगाच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या बाईला नातेवाईक दोनच प्रश्न विचारतात: भिंतीला ओल का येते, आणि गंज न धरणारा रंग कुठला. पहिला मी गवंड्याकडे ढकलते. दुसऱ्याचं खरं उत्तर 'असा रंगच नसतो' हे आहे, पण ते कुणाला पटत नाही. वेंगुर्ल्याच्या माझ्या भाच्याने महिंद्राची जुनी सीजे-थ्री-बी विकत घेतली, बॉडी उतरवली, चासी ओंडक्यांवर ठेवली आणि मला फोन केला, "मावशे, रंग खयचो मारूचो ता सांग." मी म्हटलं, आधी खरवड. खाली काय काय बसलंय ते बघू, मग तुझ्या रंगाचं बघू.

ही जीप अमेरिकेत विलीस कंपनीने १९५३ साली काढली आणि १९६८ मध्ये तिथे ती बंद झाली. आपल्याकडे मात्र महिंद्राने तिचं उत्पादन त्यानंतरही कितीतरी वर्षं चालू ठेवलं. पोलीस, बीडीओ, मलेरियावाले आणि शेवटी वडाप, असा या गाड्यांचा प्रवास. मालक बदलला की थर वाढला.

सगळ्यात वर होतं जळकं ऑईल आणि त्यात कालवलेली धूळ. मे महिना संपता संपता गाडी उचलून खालून जळकं ऑईल फवारून घ्यायची पद्धत किनारपट्टीवर अजून आहे. त्याला हसू नये. अमेरिकेत १९२१ साली रॉबर्ट फर्ग्युसन नावाच्या स्कॉटिश कप्तानाने गंजरोधक रंगाची कंपनी काढली, ती जहाजाच्या गंजक्या डेकवर माशाचं तेल सांडलं तिथे गंज पुढे सरकला नाही, एवढ्या निरीक्षणावर. तेल गंजाच्या भेगांत शिरतं आणि पाण्याला जागा देत नाही. जळक्या ऑईलची अडचण अशी की ते वाळत नाही, धुऊन जातं आणि जाताना रबराचे बुश खातं.

त्याच्या खाली डांबरी लेप होता. हा मला अजिबात आवडत नाही. नवा असेतो तो उत्तम असतो, तडकला की खाली शिरलेलं पाणी बाहेर येऊ देत नाही. वरून गाडी काळीभोर दिसते आणि आत पत्रा पापुद्र्यापापुद्र्याने सुटत असतो. या चासीवर मागच्या आडव्या पट्टीपाशी डांबर सालीसारखं हातात आलं आणि त्याच्याबरोबर लोखंडही.

मग काळं इनॅमल, आणि त्याच्याखाली तांबडा थर. भाच्याने फोटो पाठवून विचारलं, हा रेड ऑक्साईडच ना? मला तो जरा जास्तच केशरी वाटला. रेड ऑक्साईड विटेच्या अंगावर जातो, हा शेंदरी होता. मी त्याला सोडियम सल्फाईडच्या पाण्याचा थेंब टाकायला लावला. गंजावर नको, शाबूत रंगावर टाक, कारण गंजही काळा पडून फसवतो. थेंब टाकलेली जागा काळी झाली. शिसं. म्हणजे हा शेंदूरच, मारुतीला लावतात तो, शिशाचं ऑक्साईड. हा थर कारखान्याचा नसावा. जहाजाच्या कामाची सवय असलेल्या कुणातरी पेंटरने मधल्या काळात मारला असावा, असा माझा अंदाज.

आणि गंमत म्हणजे शेंदराच्या खालचं लोखंड सगळ्यात चांगलं निघालं. तेही नीट न घासलेलं. जुना गंज तसाच ठेवून वर दोन हात मारलेले दिसत होते.

शेंदूर आणि जवसाचं उकळलेलं तेल ही जोडी जहाजांच्या आणि पुलांच्या लोखंडावर पिढ्यान्‌पिढ्या राज्य करत होती. पेंटर कोरडी पूड तेलात स्वतः कालवायचा. ती का टिकते हे मात्र फार उशिरा कळलं. इंग्लंडमध्ये मेन या संशोधकाने विसाव्या शतकाच्या मध्याला दाखवलं की शिसं आणि जवसाचं तेल मिळून शिशाचे साबण बनतात, ते हळूहळू विघटित होतात आणि त्यातून निघणारे अझेलेटसारखे क्षार ओल्या लोखंडाला शांत ठेवतात. शिवाय हे तेल वाळायला दिवसच्या दिवस घेतं, आणि तेवढ्या वेळात गंजाच्या छिद्रांत मुरतं. म्हणजे रंग फक्त वरून झाकत नव्हता, आतून काम करत होता. वायर ब्रशने जेमतेम झाडलेल्या पत्र्यालाही तो माफ करायचा. असा क्षमाशील रंग नंतर झाला नाही.

पण त्याची किंमत रंगाऱ्याने मोजली. शिसं हाडांत साठतं, मेंदूवर आणि रक्तावर बसतं, लहान मुलांना तर फार. आपल्याकडे २०१६च्या नियमांनी घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमच्या आत आणलं. औद्योगिक रंग त्या नियमांच्या बाहेर राहिले. म्हणून भाच्याला सक्त ताकीद दिली: हा थर कोरडा घासायचा नाही, गॅसच्या शेगडीने जाळायचा नाही, ओला करून खरवडायचा, मास्क लावायचा, आणि खरवड गोळा करायची. विहिरीच्या बाजूला तर नाहीच नाही.

शिशाच्या पाठोपाठ आलेला झिंक क्रोमेट दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या आत पिवळा-हिरवा दिसायचा. गंजाला उत्तम, पण त्यातला सहा संयुजेचा क्रोमियम कर्करोग करणारा. युरोपने २००० सालच्या निर्देशाने शिसं आणि तो क्रोमियम दोन्ही मोटारींतून हद्दपार करायला घेतले. त्यांच्या जागी आलेला झिंक फॉस्फेट निरुपद्रवी आहे, आणि खरं सांगायचं तर थोडा निरुपयोगीही, जर खालचा पत्रा स्वच्छ नसेल तर.

इथे माझं एक जुनं मत सांगते. रंग जसजसे सुधारत गेले, तसतशी त्यांची सहनशक्ती कमी होत गेली. डब्यात जे काम होत होतं ते पत्र्याच्या तयारीवर सरकलं. थॉमस कॉस्लेटने १९०६ साली बर्मिंगहॅममध्ये लोखंडाला फॉस्फोरिक आम्लात उकळून त्याच्या अंगावर फॉस्फेटचा थर चढवायचं पेटंट घेतलं, त्यातून पुढे मोटारीचा प्रत्येक पत्रा रंगाआधी फॉस्फेटच्या टाकीतून काढायची रीत आली. (गंजावरच्या प्रत्येक मराठी भाषणात दिल्लीचा लोहस्तंभ येतो, तर आणून टाकते: त्याच्यातही फॉस्फरसच जास्त आहे. पण तो दिल्लीत उभा आहे, वेंगुर्ल्याच्या बंदरावर नाही.) मग फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रूअरच्या गटाने १९६०च्या दशकात अख्खी बॉडी रंगाच्या टाकीत बुडवून विजेच्या दाबाने रंग चढवला. पुढच्या दशकात बॉडी ऋण टोकाला जोडायची कॅथोडिक पद्धत आली आणि गंजाचं गणितच बदललं. हे सगळं टाकीचं विज्ञान आहे. वाडीतल्या शेडमध्ये टाकी नाही, आणि डब्यावर 'फॅक्टरी फिनिश' लिहिल्याने ती येत नाही.

टाकीचा खरा फायदा चकाकीत नव्हता. रंग पोकळीत पोचला, हा होता. केंब्रिजच्या युलिक इव्हान्सने १९२०च्या दशकात एक प्रयोग केला, तो मी कारखान्यात नव्या मुलांना करून दाखवायचे. घासलेल्या पोलादावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा, त्यात फेरिसायनाईड आणि फिनॉल्फ्थॅलिन घालायचं. थोड्या वेळाने थेंबाची कड गुलाबी होते आणि मध्यभाग निळा. हवा कडेला भरपूर पोचते, मध्ये कमी. आणि लोखंड विरघळतं ते मध्ये, हवा कमी असते तिथे. मुलं दर वेळी उलटं उत्तर द्यायची.

जीपची चासी म्हणजे याच थेंबाचं मोठं रूप. तिचे लांब दांडे बहुतेक ठिकाणी उघड्या पन्हळीचे आहेत, तिथे गंज दिसतो आणि पुसता येतो. पुढच्या भागात मात्र आतून पट्टी जोडून पन्हळ बंद केलेली आहे. त्या बंद चौकटीत चिखल शिरतो, खारं पाणी शिरतं, आणि जोडाच्या फटीत ते महिनोन्‌महिने राहतं. विलीसच्या जुन्या गाड्यांत तर बॉडीखालच्या पन्हळींत लाकडाच्या पट्ट्या भरल्या होत्या, मजबुतीसाठी. त्या पाणी धरून पत्रा आतून संपवायच्या. डेट्रॉइटच्या कुर्ट झीबार्ट या मेकॅनिकने १९५९ साली यावरच धंदा काढला. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. त्याने पोकळ भागांना भोकं पाडून आत मेणासारखं द्रावण फवारलं आणि भोकं बुचांनी बंद केली. आमच्याकडे मीठ टाकावं लागत नाही, वाऱ्यावरच येतं.

भाच्याच्या डोक्यात पहिल्यांदा गॅल्वनायझिंग होतं. कल्पना वाईट नाही. फ्रान्सच्या सोरेलने १८३७ मध्ये ते पेटंट केलं, आणि १९४८ मध्ये लँड रोव्हरच्या सुरुवातीच्या नमुना गाड्यांच्या चासी गॅल्वनाईझच होत्या. उत्पादन सुरू झाल्यावर कंपनी साध्या रंगावर आली. जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवतं, आतूनही चढतं. पण साडेचारशे अंशांच्या जस्तात जुनी, ठिगळं मारलेली चासी बुडवली तर ती वाकू शकते, आणि बंद पोकळीत ओल राहिली असेल तर वाफेने फुटते. आधी निचऱ्याची भोकं पाडायची, बाहेर आल्यावर सगळी मापं परत घ्यायची. एवढा चांगला गॅल्वनायझर हाताशी असेल तर जरूर करावं. आमच्या हाताशी नव्हता.

पावडर कोटिंगला मी सरळ नाही म्हटलं. खडा लागून टवका उडाला की त्याच्या कडेने गंज आत सरकतो आणि वरची कातडी शाबूत दिसत राहते; डांबराचीच चकचकीत आवृत्ती. शिवाय ब्रशने दुरुस्त होत नाही.

ब्लास्टिंग कुडाळला करून घेतलं. वाळू नाही, तांब्याच्या मळीची कणी. वाळूच्या धुळीने फुफ्फुसं जातात. ब्रिटनने कारखान्यांत ती १९४९ सालीच बंद केली, आपल्याकडे उघड्यावर अजून मारताना दिसते. ब्लास्टिंगच्या आधी चासी गोड्या पाण्याने दाबून धुवायला लावली, कारण खड्ड्यांतलं मीठ कणीने निघत नाही, उलट आत ठोकलं जातं. भाच्याला ही पायरी वेळखाऊ वाटली. माझ्या मते अख्ख्या कामात तीच सर्वांत मोलाची.

मग रंग. वेंगुर्ल्याची हवा चोवीस तास दमट. एपॉक्सी प्रायमरचा नेहमीचा अमाईन हार्डनर दमट हवेत तेलकट चिकट साय धरतो आणि वरचा हात त्यावर बसत नाही. जहाजांच्या रंगात याला एक उपाय आहे, फिनॉलकामाईन नावाचा हार्डनर. तो ओलसर आणि थंड हवेतही वाळतो आणि पूर्ण पांढऱ्या न झालेल्या पोलादालाही बऱ्यापैकी सांभाळून घेतो. शेंदराची क्षमाशीलता थोडीफार कुठे परत आली असेल तर इथे. हा हार्डनर बनतो काजूच्या टरफलातल्या तेलापासून, ज्याने काजू सोलणाऱ्या बायांचे हात भाजतात त्याच तेलापासून. त्यातल्या कार्डेनॉलला पंधरा कार्बनची लांब शेपटी असते, ती पाण्याला लांब ठेवते. हेच तेल इथल्या होड्यांच्या लाकडाला चोपडतात, आणि ब्रेकच्या लायनिंगमध्येही त्याचीच भुकटी घालतात. भाच्याच्या घरामागे काजूची बाग आहे. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हंजे टरफलां मीच इकूची आणि डबो मीच विकत घेवूचो?" असंच आहे बाबा.

तर ठरलं ते असं. ब्लास्टिंगनंतर त्याच दिवशी, पोलाद दवबिंदूच्या वर किमान ३ अंश असताना, फिनॉलकामाईन एपॉक्सीचे दोन हात. जोडांना आणि कडांना आधी ब्रशने वेगळा पट्टा, कारण कडेवर रंग पातळ होतो. वरून साधं काळं अल्किड, जे कुणालाही डब्यातून काढून टवक्यावर लावता येईल. एपॉक्सीला ऊन सोसत नाही, म्हणून अल्किड हवंच. बंद चौकटीत मूळच्याच भोकांतून लांब नळीने मेणाचा फवारा, तळाची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी ठेवून, आणि हे दर वर्षी पावसाआधी. गंज बदलणारी काळी औषधं, म्हणजे टॅनिनची, ती फक्त जिथे कणी पोचली नाही तिथे. हिरड्याच्या शाईचीच ती रसायनविद्या आहे, तिच्यावर चासी उभी करू नये.

भाचा अजून मला मडगावच्या एका पावडर कोटिंगवाल्याने केलेल्या चासीचे फोटो पाठवतो. काचेसारख्या चमकतात. मी विचारते, चौकटीच्या आतला फोटो आहे का.