शून्यापासून मोजणारा वाचक

आमची धाकटी नात पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, हे नातेवाईक मंडळींना ठाऊक आहेच. परवा रविवारी आली ती लॅपटॉप उघडतच. "आजोबा, एक पान लिहिलंय. कुठे अडखळायला होतं तेवढं सांगा." पस्तीस वर्षं वह्या तपासलेल्या माणसाला आणखी काय हवं! पान इंग्रजीत होतं. प्रोग्राम लिहिताना अर्धवट टंकलेला शब्द पुरा करून देणारं एक साधन असतं, त्याची ती माहिती होती. मी नेहमीचा प्रश्न विचारला, हे वाचणार कोण? म्हणाली, "माणसं नाही आजोबा, एआय एजंट."

एजंट म्हटलं की आमच्या पिढीला विम्याचा एजंट आठवतो. हा वेगळा. हा स्वतःच फायली उघडतो, प्रोग्राम लिहितो, चालवून बघतो, आणि हाताशी कोणती साधनं आहेत हे त्यांची माहिती वाचून ठरवतो. मला काही चैन पडेना. यंत्रासाठी माणसाने लिहायचं, ही वेळ आली कशी? म्हणून मागचं थोडं वाचून काढलं.

शब्द पुरा करून देण्याची युक्ती बरीच जुनी आहे. अमेरिकेत बीबीएन या संस्थेने १९७० च्या आसपास टेनेक्स नावाची प्रणाली केली. आज्ञेची पहिली दोनचार अक्षरं टंकून एस्केपची कळ दाबली की उरलेली अक्षरं यंत्रच भरी. (ईमेलच्या पत्त्यात @ हे चिन्ह आणणारे रे टॉमलिन्सन टेनेक्सच्या कर्त्यांपैकीच.) पुढे १९९० च्या दशकात मायक्रोसॉफ्टच्या इंटेलिसेन्समुळे शब्दांची यादी पडद्यावर उमटू लागली. २०२१ साली गिटहब कोपायलट आला, तो ओळीच्या ओळी सुचवू लागला. पण या साऱ्यात निवड करणारा माणूस समोर बसलेला होता. चुकीचं सुचवलं तर तो नाक मुरडून पुढे जाई.

आता माहितीपुस्तिकांकडे येतो, कारण मला खरा रस तिथेच वाटला. युनिक्सची पहिली पुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची या कर्त्यांनीच ती लिहिली. प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र नोंद, आणि नोंदींचा साचा ठरलेला: नाव, वापरायची रीत, वर्णन. शेवटाकडे एक मथळा 'बग्ज', म्हणजे या साधनात काय बिघडलेलं आहे ते, आणि त्याखाली जबाबदार माणसाचं नाव. आपल्याच वस्तूचे दोष तिच्याच माहितीत छापायचे! मिक्सरबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत असं कधी वाचलंय का तुम्ही? मला तरी आठवत नाही. ती पुस्तिका शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यासाठी होती, आणि सहकाऱ्याशी खोटं बोलून भागत नाही. पुस्तिका अनोळखी गिऱ्हाइकाच्या हाती पडू लागल्या तसा तो मथळा बऱ्याच ठिकाणी गळाला असावा, असा आपला माझा अंदाज.

असो. नातीच्या पानाकडे वळू.

मी विचारलं, एवढा शहाणा एजंट, त्याला शब्द पुरा करायला मदत कशाला? तर म्हणे, तो नावं ठोकून देतो. या प्रोग्राममध्ये असं एखादं नाव असायला हवं असं वाटलं की बिनधास्त लिहून मोकळा. परीक्षेला न वाचता आलेला हुशार मुलगा असतो ना, तसा! साधन मात्र खरोखर अस्तित्वात असलेली नावंच देतं. त्यासाठी त्याला ओळ आणि त्या ओळीतली जागा सांगावी लागते.

इथे मी अडखळलो. पानावर फक्त "ओळीचा क्रमांक द्या" एवढंच होतं. मोजायचं एकापासून की शून्यापासून? नात गप्प झाली. संपादक आणि अशी साधनं यांनी एकमेकांशी कसं बोलावं याचा एक करार २०१६ साली जाहीर झाला, लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल नावाचा. त्यात ओळी शून्यापासून मोजतात. माणसाला पडद्यावर मात्र पहिली ओळ एक क्रमांकाची दिसते. माणसाची गल्लत झाली तर भलतीच यादी आलेली दिसते, तो सुधारून घेतो. एजंट पडद्याकडे बघत बसत नाही. तो खालच्या ओळीतली नावं मिळाली तर तीच खरी धरून पुढचं लिहीत सुटेल, आणि ते कुणाच्या तरी पगाराच्या हिशोबात जाऊन बसेल. कागदावर राहिलेली चूक आता कागदावर राहत नाही, या विचाराने मी जरा धास्तावलोच.

ओळीतली जागा मोजण्याची तर आणखी मजा. त्या करारात मूळ रीत अशी, की जागा अक्षरांनी मोजायची नाही, यूटीएफ-१६ नावाच्या संकेताच्या एककांनी मोजायची. इंग्रजीत फरक जाणवत नाही. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, प्रत्येकाचं एकक वेगळं. २०२२ च्या आवृत्तीपासून दोन्ही बाजूंनी ठरवून दुसरा संकेत वापरता येतो, पण काही ठरलंच नाही तर जुनीच रीत.

संध्याकाळपर्यंत दोघं बसलो. "शून्यापासून" हा शब्द वर गेला. शेवटी मी हट्टाने एक मथळा घालायला लावला: काय जमत नाही. नातीचा साहेब तो ठेवेल की नाही कोण जाणे, पण तिने लिहिलं, न कुरकुरता. उदाहरणाला देवनागरी शब्द हवा होता, तो मी दिला, 'क्षितिज'. वाचायला तीन अक्षरं. तिच्या यंत्राने मोजली सात. मी बोटांवर पुन्हा मोजली: क, पाय मोडल्याची खूण, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. सातच भरली.