‘रानडे’ म्हणजे नेमके कोणते? एका आडनावाखाली जमलेलं संशोधन

बेळगावात ‘रानडे’ म्हटलं की लोक हिंदवाडीकडे बोट दाखवतात, कारण तिथे गुरुदेव रानडे मंदिर आहे. पुण्यात ‘रानडे’ म्हणजे फर्ग्युसन रस्त्यावरची इमारत, जिथे पत्रकारिता आणि परदेशी भाषा शिकवतात. गाण्याच्या मैफलीला जाणाऱ्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल, अशोकरावांबद्दल विचारताय का? आणि इंजिनिअरिंग कॉलेजात संगणक शिकणारा मुलगा ‘सी प्लस प्लस’चं पुस्तक पुढे करील. चौघंही बरोबर. घोळ होतो तो या चौघांची पुस्तकं एकाच कपाटात, एकाच ‘रानडे’ या चिठ्ठीखाली येतात तेव्हा.

डिजिटल ग्रंथालयं वाढल्यापासून हा प्रश्न मोठा झालाय. जुनी पुस्तकं भराभर स्कॅन झाली, पण नावं ज्याने जशी टंकली तशी राहिली. शोधपट्टीत ‘रानडे’ टाकलं की मराठ्यांचा इतिहास, उपनिषदं, इंग्रजी-मराठी कोश, स्वरांचं भौतिकशास्त्र, लोकसंगीत आणि लोखंडाच्या उद्योगावरचा निबंध असं सगळं एका यादीत येतं. नवख्या वाचकाला वाटेल, केवढा हा एक माणूस! थोडं अधिक वाचलेल्याला वाटेल, केवढं हे एक घराणं! या दोन्ही समजुती कशा चुकतात, ते आपल्या भागाशी नातं असलेल्या रानड्यांवरून पाहू.

आधी माणसं वेगळी करू. महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडचा, बालपण कोल्हापुरात. १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, १९०१ च्या जानेवारीत निधन. ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’ हा त्यांचा ग्रंथ १९०० चा. त्याआधी १८९८ मध्ये अर्थशास्त्रावरच्या निबंधांचं पुस्तक आलं. त्यात भारतातल्या लोखंड उद्योगाच्या आरंभीच्या प्रयत्नांवर एक निबंध आहे. उद्यमबागेत ज्यांच्या भट्ट्या आहेत त्यांनी तो एकदा जरूर वाचावा. न्यायमूर्तींच्या नावाने भाषणं करणारेही तो क्वचितच वाचतात. पुण्यातल्या त्या इमारतीतल्या संस्थेच्या मूळ नावातही ‘औद्योगिक’ आणि ‘आर्थिक’ हे शब्द होते. आज ते कुणाच्या लक्षात नाहीत.

दुसरे रामचंद्र दत्तात्रेय रानडे, आपले गुरुदेव. जन्म ३ जुलै १८८६, जमखंडी. तेव्हा पटवर्धनांचं संस्थान, आता बागलकोट जिल्हा. फर्ग्युसनला आणि सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात शिकवून ते अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख झाले, पुढे कुलगुरूही. ६ जून १९५७ रोजी निंबाळला देह ठेवला. त्यांचे गुरू भाऊसाहेब महाराज उमदीचे, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातले; संप्रदायाचं नाव पडलं ते इंचगेरीवरून, आणि इंचगेरी आज कर्नाटकात. राज्यांची हद्द मधून गेली तरी भक्तांची ये-जा थांबली नाही. उपनिषदांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९२६ चा, महाराष्ट्रातल्या संतांवरचा १९३३ चा. हिंदी आणि कन्नड संतवाङ्मयावरही त्यांचे ग्रंथ आहेत. हे सगळं लेखन इंग्रजीत.

तिसरे नीळकंठ बाबाजी रानडे, ‘ट्वेन्टिएथ सेंच्युरी इंग्लिश-मराठी डिक्शनरी’चे कर्ते. शास्त्रीय आणि तांत्रिक शब्दांना त्यांनी मुद्दाम जागा दिली. चौथे गणेश हरी रानडे. हिंदुस्थानी संगीताचं भौतिकशास्त्र आणि सौंदर्यशास्त्र मांडणारं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये सांगलीहून निघालं. पाचवे अशोक दामोदर रानडे (१९३७–२०११), गायक आणि संगीताचे अभ्यासक. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे ते संचालक होते. ‘लोकसंगीतशास्त्र’ त्यांचं. सहावे अभिराम रानडे, आयआयटी मुंबईतले संगणकशास्त्राचे प्राध्यापक. समांतर चालणाऱ्या संगणकांत निरोपांना वाटा कशा द्याव्यात यावरचं त्यांचं १९८० च्या दशकातलं काम त्या क्षेत्रात त्यांच्या आडनावानेच ओळखलं जातं. म्हणजे तिथे नुसतं ‘रानडे’ म्हटलं की न्यायमूर्ती कुणालाच आठवत नाहीत!

आता घोळ कुठून सुरू होतो बघा. आपल्या जुन्या छापील मराठीत नावाआधी ‘रा. रा.’ लावायची पद्धत होती, म्हणजे राजमान्य राजश्री. आजचा टंकलेखक ती आद्याक्षरं समजतो, आणि ‘रा. रा. रानडे’ नावाचा कधी नव्हताच असा एक लेखक यादीत जन्माला येतो. न्यायमूर्तींच्या नावामागे ‘रा. ब.’ लागायचं, रावबहादूर. एका अक्षराने ते ‘रा. द.’ला खेटतं. ‘न्या. रानडे’चं रोमन लिपीत ‘एन. रानडे’ केलं की कोशकार नीळकंठ हजर. ‘गुरुदेव’चा नुसता ‘जी’ ठेवला की सांगलीच्या पुस्तकवाल्या गणेश हरींच्या शेजारी गुरुदेव. अशोकरावांची वेगळीच गंमत. ते इंग्रजीतही स्वतःचं नाव ‘अशोक दा. रानडे’ असं लिहीत. मराठी माणसाला कळतं की ‘दा.’ म्हणजे दामोदर. मराठीबाहेरच्या वाचकाला मात्र वाटू शकतं की हा बंगाली थाटाचा ‘अशोकदा’ आहे.

इथपर्यंत हे हसण्यावारी नेता येईल. पण नाव बदललं की मतही बदलतं, आणि तिथे हसू थांबतं. संतांचा विषय घ्या. पहिल्या दोन्ही रानड्यांनी महाराष्ट्रातल्या संतांवर लिहिलंय, दोघांनीही इंग्रजीत, आणि दोघांच्या ग्रंथांत तेहेतीस वर्षांचं अंतर. न्यायमूर्तींच्या मराठा सत्तेवरच्या ग्रंथात संतांवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांचा मुद्दा असा, की युरोपात धर्मसुधारणा झाली तशीच चळवळ इथे झाली. सगळ्या जातींतून संत निघाले, बायकाही निघाल्या, लोकभाषेला मान मिळाला, जातीची धार थोडी बोथट झाली, आणि शिवाजी महाराजांच्या कार्याला लागणारी एकजूट त्यातून तयार झाली. म्हणजे संत हे समाजाच्या इतिहासातलं एक कारण.

गुरुदेवांचा प्रश्न हा नव्हेच. संताला देव भेटला म्हणजे नेमकं काय झालं, तो अनुभव कसा चढत गेला, वाटेत अंधार कुठे आला आणि उजेड कसा दिसला, हे त्यांना हवंय. त्यांनी संतांची वर्गवारी केली ती अनुभवाच्या प्रकारावरून: ज्ञानदेवांचा गूढवाद बौद्धिक, नामदेवांच्या काळातला लोकशाही वळणाचा, एकनाथांचा समन्वयाचा, तुकोबांचा व्यक्तिगत, रामदासांचा कृतिशील. यात राज्यस्थापना हे मोजमाप नाही. रामदासांना ‘कृतिशील’ म्हटलं तरी केंद्र अनुभवाचंच.

आता समजा, एखाद्या विद्यार्थ्याने ‘रानडे म्हणतात’ असं लिहून पहिल्याचं मत दुसऱ्याच्या पदरात घातलं. नामस्मरणाच्या वाटेवर आयुष्य घालवलेल्या माणसाच्या तोंडी संतांची राजकीय उपयुक्तता येईल, आणि प्रार्थना समाजात मूर्तिपूजेशिवाय उपासना मांडणाऱ्या न्यायाधीशाच्या तोंडी साक्षात्काराच्या पायऱ्या. गोंधळ वाढतो तो न्यायमूर्तींनीही ईश्वरवादावर व्याख्यानं दिली आहेत म्हणून. तेव्हा ‘धर्मावरचं लेखन ते गुरुदेवांचं’ असा सोपा नियम चालत नाही. पुस्तक उघडूनच बघावं लागतं.

संगीतातल्या दोघांचंही तसंच. गणेश हरींच्या पुस्तकाच्या नावातच भौतिकशास्त्र आहे. नादाची मोजणी करायची आणि तिथून सौंदर्यापर्यंत यायचं, ही त्यांची वाट. अशोकरावांनी संगीताचे गट पाडले ते समाजात ते कुठे आणि कशासाठी वावरतं यावरून: आदिम, लोक, भक्ती, कला, जन, संगम. हिंदी चित्रपटगीतावरही त्यांनी मोठं पुस्तक लिहिलं. एकजण स्वराची कंपनं बघतोय, दुसरा गाणाऱ्याचं अंगण. ‘संगीतज्ञ रानडे’ एवढंच लिहिलं तर यातला कोणता घ्यायचा?

राहिला घराण्याचा मोह. आपल्याकडे कुलवृत्तांतांची परंपरा मोठी, आणि ती उपयोगीही आहे. कोण कोकणातून कधी देशावर आला, कुठल्या संस्थानात चाकरीला लागला, हे तिथेच सापडतं. पण आडनावातून विद्येचा वारसा काढणं मला पटत नाही. कोकणस्थांत रानडे पुष्कळ. आणि आडनाव माहेरचं-सासरचं बदलतं, तेव्हा तर हा तर्क उघडाच पडतो. रमाबाई रानडे मूळच्या देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकर. त्यांच्या १९१० च्या आठवणी मराठी आत्मपर लेखनात मोलाच्या, पण त्या काही रानडे ‘रक्ता’तून आलेल्या नाहीत. पेशीशास्त्रज्ञ कमल रणदिवे यांना काही याद्यांत घाईने ‘रानडे’ करून टाकतात. त्या तर रानडेही नव्हेत आणि माहेरच्या रणदिवेही नव्हेत, समर्थ होत्या.

खरे दुवे शोधायचे तर ते आडनावात नाही, संस्थांत आणि गावांत सापडतात. न्यायमूर्ती डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या उभारणीत होते. गुरुदेवांनी शिकवलं ती फर्ग्युसन आणि विलिंग्डन ही दोन्ही महाविद्यालयं त्याच सोसायटीची. कोल्हापूर, सांगली, जमखंडी या संस्थानी पट्ट्यातून पुण्याला शिकायला जाणं आणि तिथून मुंबई किंवा अलाहाबाद गाठणं, ही त्या काळची वाट होती. त्या वाटेने जोशी गेले, कुलकर्णी गेले, पाटील गेले. १९०१ साली न्यायमूर्ती वारले आणि त्याच वर्षी जमखंडीच्या रामचंद्राने भाऊसाहेबांकडून नाम घेतलं. या योगायोगावर कुणी कीर्तन रंगवलं तर माझी हरकत नाही, इतिहास म्हणून मात्र ते चालणार नाही.

कारखान्यात काम केलेल्या माणसाला हे सगळं फार ओळखीचं वाटतं. उद्यमबागेत ‘ब्रॅकेट’ नावाचा भाग प्रत्येक ग्राहकाचा असतो. नुसतं ‘ब्रॅकेट ओता’ म्हटलं तर मोल्डर तोंडाकडे बघत बसेल. त्याला पॅटर्न नंबर हवा, ड्रॉइंग नंबर हवा, आणि ड्रॉइंगची कितवी सुधारणा तेही हवं. ओतलेल्या मालावर हीट नंबर असतो, म्हणजे पुढे तडा दिसला तर कुठल्या भट्टीतला कुठल्या दिवसाचा रस, ते मागे जाऊन बघता येतं. ग्रंथपालांच्या जगातही ही सोय आहे: प्रत्येक लेखकाचं एक ठरलेलं नाव, सोबत जन्ममृत्यूची सालं, आणि बाकीच्या सगळ्या रूपांवरून त्या एका नावाकडे बोट. आपण हौशी मंडळी मात्र सूची करताना ते टाळतो, कारण वेळ जातो.

मंडळाच्या सूचीसाठी मी रानड्यांपुरता असा तक्ता केला आहे. प्रत्येक नोंदीत पूर्ण नाव, वडिलांचं नाव सोडवून, जन्ममृत्यूची सालं, लेखनाची भाषा, पहिली आवृत्ती कुठून निघाली ते गाव, आणि छापात आढळणारी सगळी रूपं, ‘न्या.’, ‘रा. ब.’, ‘गुरुदेव’, ‘प्रा.’ धरून. ‘रा. रा.’ दिसलं की ते नावात घ्यायचं नाही, शेऱ्यात टाकायचं. जिथे नुसतं ‘रानडे’ आहे तिथे लेखाचं साल आधी बघायचं. १९०१ नंतरच्या एखाद्या घटनेबद्दल लिहिलं असेल तर न्यायमूर्ती आपोआप वगळले जातात. १९०० च्या आतलं असेल तर गुरुदेव, कारण ते तेव्हा शाळकरी होते. या एका चाळणीतूनच बऱ्याच नोंदी सुटतात. ज्या सुटत नाहीत त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवलंय, ते कुणी घाईने पुसू नये. पुढच्या फेरीत ‘कुलकर्णी’ घ्यायचे आहेत, आणि त्यासाठी किमान चार जण तरी लागतील.