जुन्या खिडकीच्या काचांचं मोझेक: घरी करायचं तर काय माहीत हवं?

फलटण म्हणजे नाईक निंबाळकरांचं संस्थान. राजवाडा आणि श्रीराम मंदिराभोवती वाढलेल्या अशा जुन्या गावात एखादा वाडा पाडायला निघाला की सागवानी तुळया, खांब, दारं यांना लगेच गिऱ्हाईक मिळतं. खिडक्या मात्र बरेच दिवस भिंतीला टेकून पडलेल्या दिसतात. चौकट मजबूत, बिजागऱ्या गंजलेल्या, दोन-तीन तावदानं फुटलेली. हल्ली सोशल मीडियावर मोझेकचे व्हिडिओ बघून अशा खिडक्या घरी आणणारे वाढलेत. चाळीस सेकंदांच्या व्हिडिओत सगळं सोपं दिसतं. प्रत्यक्षात हा छंद स्वस्त आणि सुंदर असला, तरी त्यात दोन-तीन गोष्टी अशा आहेत की त्या आधी माहीत असलेल्या बऱ्या.

मोझेक वेगळं, स्टेन्ड ग्लास वेगळं

मुंबईत राजाबाई टॉवरच्या किंवा सीएसएमटी स्थानकाच्या रंगीत खिडक्या दिसतात, त्या स्टेन्ड ग्लासच्या. तिथे काचेचे तुकडे शिशाच्या खोबणीदार पट्ट्यांत बसवून झाळतात आणि तुकड्यांमागे दुसरी काच नसते. मोझेकमध्ये एक अख्खी काच पाया म्हणून राहते, तिच्यावर तुकडे चिकटवतात आणि मधल्या फटी ग्राउटने भरतात. झाळकाम नाही, भट्टी नाही. म्हणूनच हा प्रकार घरच्या टेबलावर जमतो.

जुनी खिडकी यासाठी सोयीची, कारण पाया आणि चौकट दोन्ही आयती मिळतात. एक तावदान शाबूत असलं तरी त्यावर काम सुरू करता येतं आणि फुटलेल्या तावदानांचे तुकडे तिथेच कामी येतात.

साताऱ्याची काच

सातारा जिल्ह्याला काच परकी नाही. कराडजवळ ओगलेवाडीला १९१६ साली ओगले बंधूंचा काच कारखाना सुरू झाला. तो भाग तेव्हा औंध संस्थानात होता. वीज पोचण्याआधी महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत जळणारा 'प्रभाकर' कंदील इथलाच. त्याच्याही आधी, १९०८ साली, तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला होता, तोही लोकांकडून एकेक पैसा गोळा करून. माळ्यावर प्रभाकर कंदिलाची अख्खी काच सापडली तर ती मोझेकसाठी मुळीच फोडू नये. एक तर ती गोल असल्यामुळे सपाट काचेवर बसत नाही, आणि दुसरं म्हणजे तशी काच आता बनत नाही.

हाच विचार तावदानाबाबतही करायला हवा. जुन्या तावदानातून बाहेर बघितलं की कधीकधी झाड किंचित हलल्यासारखं दिसतं. ही काच वितळलेल्या रसातून ओढून काढलेली असते, त्यामुळे पृष्ठभागावर बारीक लाटा राहतात. वितळलेल्या कथिलावर तरंगवून सपाट काच करायची पद्धत पिल्किंग्टन या इंग्लिश कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केली आणि पुढे जगभर तीच रूढ झाली. (काच वर्षानुवर्षं खाली ओघळत जाते म्हणून जुनी तावदानं लहरी दिसतात, ही गोष्ट खोटी आहे. लाटा बनवतानाच्याच.) अशी लहरी काच शाबूत असेल तर ती पाया म्हणून ठेवावी. तोडायला फुटलेली आहेच.

कोणती काच कापली जाते?

खिडकीची साधी काच कापता येते. कटरच्या कार्बाइडच्या चाकाने काचेवर एकच बारीक रेघ ओढतात. चाकाला थोडं रॉकेल किंवा हलकं तेल लावलेलं असतं. ही रेघ काच कापत नाही, फक्त तिला एका ओळीत कमजोर करते. मग दोन्ही बाजूंनी हलका दाब दिला की तडा त्या रेघेवरून धावतो. रेघ ओढल्यावर लगेच तोडावं, आणि त्याच रेघेवरून कटर पुन्हा फिरवू नये. नवशिक्यांच्या काचा बहुतेक वेळा इथेच वेड्यावाकड्या फुटतात.

गाडीच्या दाराची किंवा नव्या काचेच्या दरवाजाची टफन्ड काच मात्र कापता येत नाही. रेघ ओढून दाब दिला की अख्खी काच ज्वारीच्या दाण्यांसारखी विखुरते. ती ओळखायची खूण म्हणजे कोपऱ्यातला बारीक शिक्का. आधीच फुटलेली असेल तर तिचे चौकोनी दाणे थेट वापरता येतात. गाडीची पुढची काच दोन थरांची, मध्ये प्लास्टिक. तिच्या नादी लागू नये.

रंगाचं काय? साधं तावदान बाजूने पाहिलं तर कड हिरवट दिसते, ती लोखंडामुळे. निळा रंग कोबाल्टचा, जांभळा मँगनीजचा. दारावरच्या झरोक्यातली रंगीत काच फुटकी मिळाली तर उत्तम, नाहीतर हिरव्या-तपकिरी बाटल्या आणि बांगड्या आहेतच. बांगडी फुटली असं आपल्याकडे म्हणत नाहीत, ती 'वाढली' म्हणतात. वाढलेल्या बांगड्यांचे तुकडे वर्षभर डब्यात साठवले तर एका तावदानाला सहज पुरतात. फुटकी काच घरात ठेवणं अशुभ असं म्हणणारी एखादी आजी घरात असेल, तर डबा बाहेर ओट्यावर ठेवावा. लहान मुलांच्या दृष्टीनेही तेच बरं.

खरा धोका चौकटीच्या रंगात

काच हाताळताना माणूस सावध असतोच. चष्मा आणि जाड हातमोजे घातले, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, काचा झाडताना हाताऐवजी ब्रश वापरला, तर फारतर किरकोळ ओरखडा येतो. दुर्लक्ष होतं ते चौकटीकडे.

जुन्या खिडक्यांवर ऑइलपेंटचे थरावर थर असतात आणि त्यात शिसं असण्याची शक्यता मोठी असते. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा घालणारे नियम २०१६ साली आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधी रंगवलेली खिडकी म्हणजे संशयितच. असा रंग कोरड्या पॉलिशपेपरने घासला की बारीक धूळ उडते. ती जमिनीवर, कपड्यांवर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. शिशाची अगदी थोडी मात्राही लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करते आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. गर्भवतींनीही या धुळीपासून लांब राहायचं असतं.

म्हणून रंग घट्ट बसलेला असेल तर तो खरवडूच नये, त्यावरच नवा रंग चढवावा. पोपडे सुटलेच असतील तर काम उघड्यावर करावं, लाकूड सतत ओलं ठेवून घासावं, साध्या कापडी रुमालाऐवजी एन-९५ मास्क लावावा आणि ओला चोथा कागदात गुंडाळून टाकावा. हीटगनने किंवा स्टोव्हच्या ज्योतीने रंग जाळायची पद्धत आहे, ती सर्वांत वाईट. त्यात शिशाची वाफ थेट छातीत जाते. घरात दोन-तीन वर्षांचं मूल असेल तर चौकट सुताराकडून नवीन करून घ्यावी आणि जुन्यातली फक्त काच वापरावी. तावदानाभोवतीची जुनी कडक झालेली लांबीही काढताना ओलीच करावी, कारण तिच्यातही शिसं असू शकतं.

चिकटवणं, भरणं, टांगणं

काचेवर काच चिकटवायला पारदर्शक सिलिकॉन चांगलं. लाकडाचा पांढरा गोंद वाळल्यावर पारदर्शक दिसतो, पण ओल लागली की पुन्हा दुधाळ होऊन सुटतो. एपॉक्सी पक्कं असतं, मात्र उन्हात कालांतराने पिवळं पडतं. पायाची काच स्पिरिटने पुसून घ्यावी, चित्राचा कागद तिच्याखाली उलट न ठेवता सरळ ठेवावा आणि तुकड्यांत दोन-तीन मिलिमीटरची फट सोडावी.

एक-दोन दिवसांनी ग्राउट. तो बिनवाळूचा घ्यावा, वाळूचा काच ओरबाडतो. सिमेंटमुळे कातडी भाजल्यासारखी होते, म्हणून इथेही हातमोजे. रंग काळा किंवा गडद राखाडी निवडला तर मागून उजेड आल्यावर काचा उठून दिसतात. पांढरा ग्राउट रंग फिके पाडतो.

वजनाचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. चार मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर काच दहा किलोची भरते. दोन फूट बाय तीन फुटांच्या खिडकीत पायाची काच साडेपाच किलो, वर तुकड्यांचा जवळपास तेवढाच थर, शिवाय ग्राउट आणि सागवान. ही खिडकी खिळ्याला तारेने टांगायची वस्तू नव्हे. भिंतीत प्लग मारून दोन मजबूत हुक आणि चौकटीच्या लाकडात पिळाचे खिळे हवेत. काचेवर भार येता कामा नये.

शेवटी जागा. फलटण पर्जन्यछायेतलं, त्यामुळे पावसाची फार भीती नाही, पण उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. गडद काच ऊन शोषून तापते, शेजारची पांढरी त्या मानाने थंड राहते, आणि या फरकाने पायाच्या काचेला तडा जाऊ शकतो. पश्चिमेची भिंत टाळून पूर्वेची खिडकी निवडावी. सकाळी आठच्या सुमाराला तिथून आत येणारं ऊन तिरपं असतं आणि फरशीवर रंग लांबवर पसरतात.