शाळेच्या भिंतीवरची मधमुंगी

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, ॲलिस स्प्रिंग्जपासून सुमारे २४० किलोमीटरवर पापुन्या ही वसाहत आहे. पिंटुपी, लुरित्जा, वॉल्पिरी अशा निरनिराळ्या आदिवासींना सरकारने तिथे आणून वसवले होते. त्यांनी गोऱ्यांसारखे राहायला शिकावे, हा हेतू! १९७१ साली जेफ्री बार्डन हा चित्रकलेचा शिक्षक तिथल्या शाळेत आला. मुले वर्गात गोऱ्यांच्या धर्तीची चित्रे काढत. बाहेर मात्र गोष्टी सांगताना वाळूत बोटांनी वेगळ्याच आकृत्या रेखाटत. बार्डनचे लक्ष त्या आकृत्यांकडे गेले.

पुढे शाळेची भिंत रंगवायचे ठरले, तेव्हा गावातली मोठी माणसेच पुढे झाली. विषय होता मधमुंगी. ही मुंगी पोटात मध साठवते. जमीन खणून तिला काढतात आणि तो मध खातात. तिच्या पूर्वजांच्या प्रवासातूनच पापुन्याची भूमी घडली, अशी तिथली श्रद्धा आहे. भिंतीवरच्या पहिल्या मुंग्या पाठ्यपुस्तकातल्यासारख्या, पायाबियांसह उतरल्या. तुमची मुंगी अशीच असते का, असे बार्डनने विचारले. तेव्हा कापा त्जाम्पित्जिन्पा याने परंपरेतले खरे चिन्ह काढले.

ही चिन्हे समजायची तर वरून जमिनीकडे पाहावे लागते. वाळूत बसलेला माणूस उठून गेला, की मागे इंग्रजी 'यू'सारखा ठसा उरतो. तेच माणसाचे चिन्ह. एकात एक वर्तुळे म्हणजे पाणवठा किंवा मुक्काम, त्यांना जोडणारी रेघ म्हणजे वाट. पण तेच वर्तुळ दुसऱ्या कथेत टेकडी किंवा चूलही असते. पुस्तकांत छापलेले चिन्हांचे तक्ते म्हणूनच बेताने वापरावेत.

आणि ठिपके? विधींच्या वेळी अंगावर आणि जमिनीवर काढायच्या चित्रांत ते पूर्वीपासून होते. मात्र सुरुवातीच्या फळ्यांवर काही चित्रकारांनी विधीतल्या गुप्त वस्तूही रंगवल्या होत्या. दीक्षा न झालेल्यांनी त्या पाहायच्या नसतात. चित्रे शहरांत मांडली जाऊ लागली, तशी इतर आदिवासींनी हरकत घेतली. मग त्या वस्तू चित्रांतून गेल्या आणि ठिपक्यांची दाटी वाढली. गिऱ्हाइकाला जी नक्षी वाटते, ती काही अंशी पडदाही आहे.

क्लिफर्ड पॉसम त्जापाल्त्जारी याचे १९७७ सालचे 'वार्लुगुलाँग' हे चित्र एका बँकेने तेव्हा १,२०० डॉलरला घेतले होते. २००७ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने ते २४ लाख डॉलरला विकत घेतले. शाळेच्या भिंतीवरच्या मधमुंगीवर मात्र १९७४ सालीच रंगाचा हात फिरवण्यात आला होता.