अधिकार ज्याचा त्याचाच

येशूच्या काळी भूत काढायचे म्हटले की आधी साहित्याची जुळवाजुळव लागे. तोबिताच्या ग्रंथात माशाचे काळीज आणि यकृत निखाऱ्यांवर घातले जाते आणि त्या धुराने अस्मोदे नावाचा दुरात्मा थेट मिसर देशात पळतो. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस याने तर असा एक प्रयोग रोमन सम्राट वेस्पासियनसमोर स्वतः पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. एलाजार नावाच्या माणसाने शलमोनाने सांगितलेली मुळी अंगठीत बसवून बाधिताच्या नाकाशी धरली आणि शलमोनाचे मंत्र म्हटले. मग भूत गेल्याची खूण पटावी म्हणून जवळ ठेवलेले पाण्याचे भांडे त्या भुताकडूनच कलंडवून घेतले.

ही रीत माहीत असली म्हणजे मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातला प्रसंग किती वेगळा आहे ते कळते. शब्बाथाच्या दिवशी कफर्णहूमच्या सभास्थानात अशुद्ध आत्म्याने पछाडलेला एक माणूस ओरडू लागतो. येशूजवळ मुळी नाही, अंगठी नाही, धूप नाही. कोणा पूर्वजाची दुहाईही तो देत नाही. तो त्या आत्म्याला गप्प करतो, बाहेर पडायला सांगतो, आणि आत्मा निघून जातो. भुते काढणारे लोक तिथल्या मंडळींनी बरेच पाहिले असतील. स्वतःच्या अधिकाराने हुकूम सोडणारा कोणी त्यांनी पाहिला नव्हता. ख्रिस्ती श्रद्धेत दुष्टात्म्यांवरच्या सत्तेचा उगम इथे आहे, आणि पुढच्या दोन हजार वर्षांचा सारा प्रश्न एवढाच आहे की ही सत्ता कोणाची.

येशूने शिष्यांनाही हा अधिकार दिला, पण तो त्यांच्या नावावर करून दिला नाही. मुखत्यारपत्र हाती असले म्हणून मुखत्यार जमिनीचा मालक होत नाही, तसेच हे. फिलिप्पैत पौलाने दैवप्रश्न सांगणाऱ्या एका दासीला येशूच्या नावाने मोकळे केले. तिच्या मालकांची कमाई बुडाली, आणि पौल व सीला यांना फटके आणि तुरुंग मिळाला. ज्याने सोडवले त्याच्या पदरी मानमरातब पडला नाही.

इफिसात याची उलट बाजू दिसली. स्किवा नावाच्या यहुदी मुख्य याजकाचे सात मुलगे भुते काढत फिरत. पौल ज्या येशूची घोषणा करतो त्याचे नाव चालते हे पाहून त्यांनीही ते वापरायला घेतले. भुताने त्यांना विचारले की येशूला मी ओळखतो, पौलही मला ठाऊक आहे, तुम्ही कोण? आणि त्या बाधित माणसाने सातही जणांना असे झोडपले की ते उघडेनागडे, जखमी होऊन घरातून पळाले. हे कळल्यावर शहरातल्या जादूटोणा करणाऱ्यांनी आपल्या पोथ्या आणून सर्वांदेखत जाळल्या. त्यांची किंमत पन्नास हजार चांदीची नाणी भरली. नाव तेच, शब्द तेच, तरी उपयोग शून्य, कारण त्या सातांनी येशूच्या नावाची मुळी केली होती.

आरंभीच्या मंडळीने हे ध्यानात ठेवलेले दिसते. इ.स. २५१च्या सुमारास पोप कॉर्नेलियस यांनी लिहिलेल्या पत्रात रोमच्या मंडळीची मोजदाद आहे. वडील ४६, डीकन ७, आणि भुते काढणारे, वाचक व द्वारपाल मिळून ५२. भूत काढणारा तिथे वाचकाच्या आणि द्वारपालाच्या पंक्तीला बसलेला आहे. त्याच्याभोवती कसलेही वलय नाही. इ.स. ४१६मध्ये पोप इनोसंट पहिले यांनी बाधितांवर हात ठेवण्याआधी बिशपची परवानगी हवी, असे लिहून कळवले. बाप्तिस्म्यात सैतानाचा त्याग करण्याचा विधीही आरंभीच्या मंडळीतलाच. वसईत किंवा गोव्यात आज तान्ह्या बाळाचा कॅथलिक बाप्तिस्मा होतो तेव्हाही दुष्टाच्या सत्तेतून सुटकेची प्रार्थना होते, आणि ती देवाला उद्देशून असते.

पुढे शतकानुशतके या विधीभोवती भीती, हौस आणि राजकारण साचत गेले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये मार्त ब्रोसिये नावाची तरुणी भूतबाधा झाली म्हणून गावोगाव नेली जात होती, आणि तिच्या तोंडून प्रोटेस्टंटांविरुद्ध गरळ ओकली जाई. आंजेच्या बिशपनी तिची परीक्षा घेतली. पवित्र पाणी साधे म्हणून दिले, तेव्हा ती शांत राहिली. साधे पाणी पवित्र म्हणून दिले, तेव्हा अंग टाकून तडफडू लागली. मग त्यांनी विधीचे पुस्तक मागवल्याचे दाखवून व्हर्जिलच्या महाकाव्याचा आरंभ लॅटिनमध्ये वाचला. तिला वाटले मंत्रच चालू आहेत, आणि ती पुन्हा लोळू लागली. १५९९मध्ये पॅरिसला वैद्य मिशेल मारेस्को यांनीही तिला तपासून सांगितले की यात सैतानाचा हात नाही, बरेचसे सोंग आहे आणि थोडाबहुत आजार.

त्या बिशपची श्रद्धा मला पातळ वाटत नाही. देवाचे नाव तमाशात वापरले जाऊ नये याची त्यांना काळजी होती. १६१४मध्ये पोप पाचवे पॉल यांच्या काळात निघालेल्या रोमन विधिग्रंथाने हीच काळजी नियमात बांधली. कोणाला भूतबाधा झाली यावर चटकन विश्वास ठेवू नये, हा त्यातला एक प्रमुख नियम. स्त्रीवर विधी करताना सभ्य माणसे हजर असावीत. पुरोहिताने स्वतः औषध देऊ नये, ते काम वैद्यावर सोडावे. इंग्लंडच्या चर्चने १६०४मध्येच बिशपच्या परवान्याविना भुते काढायला मनाई केली होती.

नियम झाले, तरी माणसे चुकायची थांबली नाहीत. १६३४मध्ये लुदां गावात मठातल्या जोगिणींच्या तोंडून ‘भुतांनी’ दिलेली साक्ष खरी धरून उर्बें ग्रांदिये या पुरोहिताला जिवंत जाळले. १९७६मध्ये जर्मनीत २३ वर्षांची एक विद्यार्थिनी ६७ विधींनंतर उपासमारीने मेली, तेव्हा तिचे वजन ३१ किलोच्या आसपास उरले होते. बिशपची परवानगी होती, पण डॉक्टर नव्हता. आईवडील आणि दोन पुरोहित १९७८मध्ये दोषी ठरले. शेवटपर्यंत चालू राहिलेला तो विधी कोणाच्या नावाने होता, हे विचारताना जीव तुटतो.

१९९९मध्ये व्हॅटिकनने नवा विधी प्रसिद्ध केला. त्यात दोन प्रकारची वचने आहेत. एक देवाकडे याचना करणारे, दुसरे दुष्टात्म्याला हुकूम देणारे. नुसती याचना चालते, पण याचनेवाचून हुकूम देता येत नाही. शिवाय वैद्यक आणि मानसोपचार जाणणाऱ्यांचा सल्ला घ्यावा आणि तिथे प्रसारमाध्यमांना थारा नसावा, असेही त्यात सांगितले आहे. स्किवाच्या मुलांना जे कळले नाही ते आता विधीच्या रचनेतच बसले आहे.

महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हे गुन्हे आहेत. श्रद्धावंत ख्रिस्ती माणसाला हा कायदा परका वाटण्याचे कारण नाही. ज्याच्या प्रभूने पीडलेल्या माणसाला इजा न होता मोकळे केले, त्याने मारहाणीची बाजू कशी घ्यावी? लूक सांगतो की भुते आपल्याला वश होतात म्हणून हरखून परतलेल्या शिष्यांना येशूने तिथल्या तिथे अडवले, आणि आपली नावे स्वर्गात लिहिली आहेत याचा आनंद माना असे सांगितले. म्हणून आजही कोणी भूत काढायला आले, तर त्याचा आवाज किती चढतो हे पाहू नये. तो परवानगी घेतो का, डॉक्टरला बोलावतो का, पैसा आणि गर्दी नाकारतो का, आणि रोगी बरा झाल्यावर त्याच्या तोंडी आपले नाव उरू देत नाही ना, हे पाहावे. अधिकार उसना आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याच हाती तो देण्यात अर्थ आहे.